पडद्यावरच्या बाईचा पदर

आज रविवार. सकाळच्या चहापासून नात त्या खेळासमोर बसली आहे आणि खेळ अजून सुरूच झालेला नाही. ती माणूस बनवते आहे. भुवया ठरल्या, हनुवटी ठरली, ठरलेली हनुवटी पुन्हा मोडली. कुकरच्या शिट्ट्या होऊन गेल्या, भात निवायला लागला, तरी बाईसाहेब अजून डोळ्यांच्या रंगावर. शेवटी मी म्हटलं, अगं, ही लढायला निघणार कधी? तिकडे लढाई संपून जाईल. तिनं मान वर न करता विचारलं, "आजी, तुझं नाक कसलं देऊ?"

म्हणजे इतका वेळ माझंच बांधकाम चाललं होतं.

"आहे तसलं दे," मी म्हटलं.

"तसलं यात नाही ना."

हे वाक्य मी आधी एकदा ऐकलेलं आहे. काचीगुड्याच्या घरात, अगदी याच वैतागानं, आणि म्हणणारी मीच होते.

तेव्हा मी बेचाळीस वर्षांची होते, शाळेत मराठी शिकवत होते आणि पुण्याहून लग्न होऊन हैदराबादेत आलेली होते. यातली कुठलीही एक गोष्ट माणसाला असह्य करायला पुरते; माझ्याकडे तिन्ही होत्या. मराठी भाषा मी माहेरून ट्रंकेत घालून आणली आहे, असा माझा समज होता. सासरची माणसं चार पिढ्या इथली. सासूबाई "नक्को" म्हणायच्या, "हौ" म्हणायच्या, आणि मी वीस वर्षं जेवणाच्या ताटावर त्यांचं मराठी सुधारत होते. त्यांनी ते कधीच सुधारू दिलं नाही, याबद्दल आज मी त्यांची ऋणी आहे. तेव्हा मात्र मी नुसती धुसफुसत असे.

शाळेतही तेच. रोज प्रार्थनेच्या वेळी मी रांगांमधून फिरायची. रिबिनी तांबड्या, दोन वेण्या, वर बांधलेल्या. एका मुलीला मी निळी रिबीन लावली म्हणून घरी परत पाठवलं होतं आणि शिस्त लावल्याच्या आनंदात दिवसभर तरंगत होते. सगळ्या सारख्या दिसल्या की सगळं ठीक चाललंय, असं मला मनापासून वाटे. आता ती बाई मला रस्त्यात भेटली तर मी पलीकडच्या फुटपाथनं जाईन.

बाजार खुला झाल्याला काही वर्षं उलटली होती. शहरात जो तो कॉम्प्युटर शिकत होता, तेव्हा आमच्याही घरी एक आला. सासूबाईंनी त्याला माझ्या जुन्या साडीचा झगा शिवला. हे सरकारी नोकरीत. ते त्यावर कार्यालयाची पत्रं टाइप करून बघत. आणि लेक कोठीच्या बाजारात पुस्तकं आणायला म्हणून गेली, ती पुस्तकांबरोबर एक सीडी घेऊन आली. त्यात एक खेळ होता. आधी माणसं बनवायची, मग त्यांना घर द्यायचं, मग त्यांना जेवूखाऊ घालायचं, कामाला पाठवायचं, असा सगळा संसार. आमची लेक मात्र पहिल्याच पायरीवर बसून राहिली. माणूस बनवायचं, मोडायचं, पुन्हा बनवायचं. संसार कोणाचाच सुरू होईना.

मी तिला ऐकवलं. खेळायचं तर खेळ, नाहीतर ऊठ. चेहऱ्याला घेऊन काय करायचंय? बुद्धिबळातला घोडा काय स्वतःचं नाक बघून अडीच घरं चालतो?

"घोडा माझा नसतो, आई," ती म्हणाली. "ही माझी आहे."

मग मी तिला तिच्या मराठी अक्षरावरून बोलले.

हे नुसतं खेळापुरतं असतं तर निभलं असतं. पण बारावीनंतर बी.एस्सी.ला घातलेली ही मुलगी कॉलेजला दात उपटून घ्यायला जावं तशी जायची. एक दिवस तिनं एक फॉर्म आणून माझ्यासमोर ठेवला. कॉम्प्युटरवर चित्रं, माणसं, कपडे करायला शिकवणारा दोन वर्षांचा कोर्स. कॉलेज सोडून. नावं घ्यायची शेवटची तारीख दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीची, आणि खाली पालकाची सही. मी यांच्याकडे पाहिलं. यांनी फॉर्म दोन्ही बाजूंनी वाचला आणि फाइल परत पाठवावी तसा माझ्याकडे सरकवला. म्हणाले, शिक्षण खातं तुझ्याकडे आहे, तुझा शेरा आला की बघतो. इतकी वर्षं संसार केला, पण या गृहस्थांनी स्वतःहून पहिली सही केलेली मला आठवत नाही.

मी नाही म्हटलं. बाहुल्यांना कपडे चढवणं हे शिक्षण नव्हे, असं अगदी वर्गात सांगावं तसं सांगितलं. लेक रडली नाही, भांडली नाही. फॉर्म टेलिफोनखाली ठेवून दिला. तो तिथून रोज मला दिसायचा.

मग आली खंडेनवमी. सासूबाईंनी नेहमीप्रमाणे घरातली सगळी आयुधं पुसून मांडली. विळी, शिवणयंत्र, यांची स्कूटर, माझं तपासणीचं लाल पेन. आणि या वर्षी कॉम्प्युटर. तो बंद करायचं कोणाच्या लक्षात आलं नाही. पडद्यावर त्या खेळातली एक पिवळ्या केसांची बाई स्वयंपाकघरात उभी होती. सासूबाईंना काचेवर वरच्या बाजूला हळदकुंकू वाहायचं होतं. बोट नेमकं त्या बाईच्या कपाळावर टेकलं.

"आता कशी घरातली दिसते," सासूबाई म्हणाल्या.

खरंच दिसली. क्षणभर आम्ही सगळेच बघत राहिलो. मग ती बाई वळली आणि फ्रीजकडे चालू लागली. कुंकू हवेत तसंच राहिलं.

"अगं, कुंकू टाकून कुठं निघाली ही? थांबव तिला."

सगळे हसले. लेक हसता हसता म्हणाली की आजी, यात कुंकू नाहीच, साडी नाही, वेणी नाही, म्हणून तर मी इतकी परेशान आहे. मी लगेच मास्तरीण झाले. म्हटलं, तुला नीट शोधता येत नाही. मी पाच मिनिटांत आपल्यासारखी बाई करून दाखवते.

दसऱ्याच्या दुपारी तिघं सोनं द्यायला गौलीगुड्याच्या नातेवाइकांकडे गेली. माझं डोकं दुखत होतं. म्हणजे मी तसं सांगितलं होतं. दार लागलं आणि मी खुर्चीवर बसले. पाच मिनिटं.

पहिला अर्धा तास केसांत गेला. एकही अंबाडा नाही. एक होता, तो पांढऱ्या केसांच्या म्हातारीला. कपडे बघितले: पँटी, झगे, पोहायचे कपडे, एक डॉक्टरचा कोट. पोहायचे कपडे दिसल्यावर मी उठून खिडकीचा पडदा ओढला, जणू काचीगुडा स्टेशन खिडकीपाशी येऊन उभं राहणार होतं. कातडीचे रंग तीन. एक फारच गोरा, एक फारच काळा, आणि मधला जो होता तो उन्हात वाळत घातलेल्या माणसाचा. मी त्या यंत्राशी बोलायला लागले. अरे, असं कसं नाही? इतक्या बाया दिल्यास, त्यातली एकही शाळेत जाऊन हजेरी घेईल अशी नाही? पुढे जायचं बटण दाबावं तर जाववेना. ती कोणी तरी परकी बाई माझ्या नावानं घरात शिरेल आणि माझ्या हातांनी स्वयंपाक करेल, हे मला सहन होईना. कालपर्यंत घोड्याच्या नाकाचा दाखला देणारी मी!

शेवटी अंबाड्यासाठी ती म्हातारी घेतली. मनात म्हटलं, बेचाळिसाव्या वर्षीच सत्तरी गाठली, चालेल. तिला घरात सोडलं. मग कपाळ मोकळं दिसलं. आंघोळीच्या वेळी आपण टिकली आरशाला चिकटवतो, तशी माझ्या कपाळावरची टिकली काढली आणि काचेवर, तिच्या कपाळावर बसवली. फार छान दिसली. इतकी, की मी दोन मिनिटं नुसती बघत बसले. तेवढ्यात म्हातारी चुलीकडे गेली, काही तरी शिजवायला लागली, आणि तिच्यासमोर चक्क आग भडकली. ती दोन्ही हात वर करून ओरडत उभी राहिली. मी सगळी बटणं दाबली. पाणी कुठून द्यायचं ते सापडेना.

आणि दार उघडलं. लेकीकडे जास्तीची किल्ली होती.

पडद्यावर म्हातारी आगीपुढे नाचतेय, टिकली फ्रीजच्या दारावर, आणि मी मोकळ्या कपाळानं खुर्चीवर, हातात माऊस. हे पायातले बूट काढायचे थांबले. सासूबाई जवळ येऊन नीट वाकून बघून म्हणाल्या, "फ्रीजला टिकली कायकू लावलीस?"

लेक हसली नाही, हे मला अजून आठवतं. तिनं माझ्या हातातून माऊस घेतला, खेळातली गल्ली बदलली, आणि एक दुसरंच घर उघडलं.

हॉलमध्ये बनियनवर पेपर वाचणारे हे. पोट कमी केलेलं नव्हतं. आत सासूबाई, लुगड्यात, चष्म्याची एक दांडी दोऱ्यानं बांधलेली, तीही दिसत होती. खेळात असलं काही मिळत नसे. माणसाच्या कातडीचं नि कपड्यांचं चित्र खेळाबाहेर वेगळं उघडून, ठिपक्यावर ठिपका देऊन तिनं रंगवलं होतं. किती दिवस, ते मी विचारलं नाही. आणि दाराशी मी. शाळेची पांढरी साडी, हिरवा काठ, अंबाडा, टिकली. आणि कपाळावर तीन आठ्या. स्वच्छ, एकाखाली एक.

"आठ्या कायकू काढल्यास?" मी म्हणाले. वीस वर्षांच्या तपश्चर्येवर पाणी पडलं. सासूबाईंनी शांतपणे माझ्याकडे पाहिलं.

"चेहरा एकच देता येतो, आई. बदलत नाही. म्हणून रोजचा दिला." मग म्हणाली, "हसरीपण केली होती. पण आजीला दाखवली तर आजी म्हणाली, ही कोण?"

सासूबाईंनी मान हलवून दुजोरा दिला. त्यांना त्यात काही वाईट वाटलं नव्हतं.

माझे डोळे भरून आले असं इथं लिहिलं तर वाचायला बरं वाटेल. मला राग आला. कोणावर तेही कळेना, म्हणून मी जे मला येतं ते केलं: चित्र तपासायला घेतलं. आणि चूक सापडली. पदर उजव्या खांद्यावर होता. फक्त माझाच.

मी म्हटलं, डोळे फुटले का तुझे? जन्मभर मला बघतेस, पदर कुठल्या खांद्यावर असतो? ती गोंधळली, स्वतःच्या खांद्यांना हात लावून बघू लागली. मग कबूल केलं. निऱ्या कशा पडतात ते कळावं म्हणून मी शाळेत गेले की ती माझी हिरव्या काठाची दुसरी साडी नेसायची आणि कपाटाच्या आरशात बघून रंगवायची. आरशातलं जसंच्या तसं उचललं होतं, म्हणून माझा डावा खांदा उजवा झाला.

माझी साडी इस्त्री मोडलेली का निघते, म्हणून मी महिनाभर इस्त्रीवाल्याशी भांडत होते.

"हे असलं तिकडे कोण सुधारणार?" मी म्हटलं. "सगळ्या बायांना उजवे पदर लावून ठेवशील. जायचंच असेल तर नीट शिकून तरी ये." आणि टेलिफोनखालचा फॉर्म ओढला. पेन सापडेना. पूजेतलं लाल पेन अजून तिथंच होतं, हळदकुंकवासकट. त्यानंच सही केली.

हे म्हणाले, लाल शाईची सही चालत नाही. ते एवढंच म्हणाले, आणि मग खाली काळ्या शाईत स्वतःची केली. लेक दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या बसनं गेली. लाल आणि काळी, दोन्ही चालल्या.

सही करताना मी अट घातली होती की आठ्या पुसायच्या. पदर तिनं त्याच संध्याकाळी डावीकडे आणला. आठ्या कधीच पुसल्या नाहीत. वेळच मिळत नाही, म्हणाली, आणि गेली पंचवीस वर्षं तेच म्हणते. आता ती याच शहरात खेळांतल्या माणसांचे कपडे करते. अधूनमधून ऑफिसातून व्हिडिओ कॉल येतो, आई, जरा उभी राहा, वळ, हात वर कर, आता पदर खोच. मी भाजी टाकून फोनसमोर गोल गोल फिरते. वैताग नुसता.

तर, नातीकडे. मी म्हटलं तसं नाक त्यात नव्हतं, म्हणून तिनं चार नाकांतून एक जवळपासचं घडवलं. मग ती कपाळाकडे वळली. वयाच्या खुणा कमीजास्त करायची एक पट्टी होती. तिनं ती सरळ शून्यावर नेली आणि माझं कपाळ परातीसारखं गुळगुळीत करून टाकलं. लाडानं केलं होतं.

"ही कोण?" मी म्हटलं.

"तू."

"सरक बाजूला." मी खुर्ची ओढून घेतली. पट्टी पुढे नेली, आठ्या आल्या. दोनच आल्या. तिसरीसाठी अजून पुढे नेली तर गालही लोंबले. मागे घेतली. नात म्हणाली, आजी, पुरे ना, आता खेळू या. तिच्या आईनं, म्हणजे माझ्या लेकीनं, आतून तिसऱ्यांदा जेवायला हाक मारली.

म्हटलं, थांब जरा. नाकाचं अजून मला पटलेलं नाही.