पंधरा मुलांचे राष्ट्राध्यक्ष

गाडीत बसून सीटबेल्ट लावेपर्यंत प्रेसिडेंट अंकल अमेरिकेच्या एका राष्ट्राध्यक्षांवर येऊन पोचलेले असत. दर वेळी त्याच एकावर. एकोणिसाव्या शतकातले हे गृहस्थ आधीचे अध्यक्ष महिन्याभरात वारले म्हणून खुर्चीवर बसले, आणि दोन लग्नांतून त्यांना पंधरा मुलं झाली. त्यांचं नाव अंकलनी मला निदान शंभर वेळा सांगितलं असेल. मला ते एकदाही लक्षात राहिलं नाही, यावरून मी किती मन लावून ऐकत होतो ते कळेल.

अंकल वसईचे ख्रिस्ती, दुबईत जबल अलीतल्या एका गोदामात स्टोअर इन्चार्ज. आम्ही दोघंही इंटरनॅशनल सिटीत राहायचो, आणि कामावर जाताना ते मला जुमेरा लेक टॉवर्सला माझ्या ऑफिसपाशी सोडायचे. पहिल्याच दिवशी डॅशबोर्डवरचा फोटो बघून मी म्हणालो, "नात गोड आहे हो, अंकल."

"मुलगी," ते म्हणाले. "त्रेपन्नाव्या वर्षी बाप झालो मी. यल्ला, बेल्ट लाव."

आणि राष्ट्राध्यक्ष सुरू झाले. तोंड लपवायला मी ते ऐकून घेतले, ते पुढे चार वर्षं ऐकतच राहिलो.

दुसरी बायको त्यांच्या थोरल्या मुलीपेक्षा लहान. शेवटची मुलगी झाली तेव्हा स्वारी सत्तरीत. एक मुलगा तर वडिलांच्याही वरताण निघाला, त्याला पंचाहत्तराव्या वर्षी मुलगा झाला. "आणि तो नातू आज हयात आहे!" अंकल स्टीअरिंगवर थाप मारत. "आजोबा, बाप, मुलगा. तीन माणसांत सव्वादोनशे वर्षं! मग घाई कशाला?" म्हणूनच की काय, ते कधी हॉर्न वाजवत नसत आणि मी रोज ऑफिसला उशिरा पोचत असे.

मी तेव्हा चाळिशी ओलांडलेली. बायकोला मूल हवं होतं. मी आधी म्हणालो फ्लॅट होऊ दे, मग प्रमोशन होऊ दे, आणि दोन्ही झाल्यावर म्हणालो, आता वय झालं. हे एकदा अंकलना सांगून बसलो. "वय? तुझं?" ते इतके हसले की एक्झिट चुकला.

पण मला दुसऱ्याच्या चुका काढायची जुनी खोड. एका सकाळी ट्रॅफिकमध्ये मोबाइलवर शोधाशोध करून मी मोठ्या रुबाबात म्हणालो, "अंकल, पण तुमचे अध्यक्ष धाकटी दीड वर्षाची असतानाच गेले की!"

अंकलनी गाडी दोन हात पुढे सरकवली.

"ठाऊक आहे मला," ते म्हणाले. "म्हणूनच तेवढं सांगत नाही मी."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. उतरताना रोजच्यासारखं "थँक यू, अंकल" म्हणालो, बस्स. दुसऱ्या दिवशी बेल्ट लावता लावता त्यांनी पुन्हा पंधरा मुलांपासून सुरुवात केली आणि मी पहिल्यांदा मधे न बोलता ऐकलं.

साठ झाल्यावर कंपनीने त्यांना रिटायर केलं. नोकरी खलास, व्हिसा खलास. मुलगी दुसरीत होती. एअरपोर्टवर तिचा हात धरून ते म्हणाले, "ही ग्रॅज्युएट होईपर्यंत आहे मी. इन्शाल्ला." त्यांची मला फार सवय झाली होती, हे मला त्या दिवशी टॅक्सीने परतताना कळलं.

शेहेचाळिसाव्या वर्षी मला मुलगी झाली. मी वसईला फोन लावला. "शाब्बास," अंकल म्हणाले, "सत्तरीला अजून चोवीस वर्षं आहेत, हबीबी!"

परवा आमच्या लिफ्टमध्ये शेजारच्या बाईंनी लेकीचा गाल ओढत विचारलं, "पोती है?"

"बेटी," मी म्हणालो. बाईंचा चेहरा पडला, डॅशबोर्डसमोर माझा पडला होता तसाच. त्यांना बरं वाटावं म्हणून मी राष्ट्राध्यक्षांची गोष्ट काढली. पंधरा मुलं, सत्तरीतली लेक, हयात नातू. बाईंनी नाव विचारलं, ते काही मला आठवलं नाही. तळमजला आला तरी मी बोलतच होतो.

"डॅडी, कम ऑन," लेक हात ओढत म्हणाली.

दीड वर्षाचं तेवढं मी सांगितलं नाही.