सातवी नोंद

कागद हातात घेतला की त्या सगळ्यात आधी त्याचे चारही कोपरे अंगठ्याने सपाट करायच्या. चहाच्या कपाचा कान नेहमी उजवीकडे. दुधाच्या पिशवीवर पेनाने तारीख. शिक्का मारताना श्वास रोखायच्या, मारून झाला की सोडायच्या. कुणाचं नाव फार लांब असलं तर विचारायच्या, "एवढं सगळं तुमचं एकट्याचंच?" घरी निघण्याआधी खिडकीची काच आतून पुसायच्या. आणि रस्त्यावरच्या पिवळ्या पट्ट्यावर कधीच पाय ठेवायच्या नाहीत.

तो पट्टा म्हणजे सीमा. त्यांच्या खुर्चीपासून बारा पावलांवर. सव्वीस वर्षं त्या तिथे बसल्या. सगळे त्यांना शिक्काताई म्हणायचे.

मी दोन वर्षांपूर्वी नाक्यावर टंकलेखनाच्या कामाला लागले. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, "काय शिकलीस?"

"साहित्य."

"अगं बाई! मग इथे कशी टिकणार? इथे सगळं खरंच लिहावं लागतं."

तेव्हापासून मी त्यांची कवयित्री. मी एकही ओळ कधी लिहिली नव्हती. "काय गं कवयित्री, डबा आणलास की आजही माझ्यातलाच?" आमची मैत्री तिथून सुरू झाली. त्यांचं वय माझ्या दुपटीहून जास्त होतं. ते कधी जाणवलं नाही.

त्या नोकरीत एक नियम होता. नाक्यावरच्या माणसाला पलीकडे जायची परवानगी मिळत नसे. ताईंना हे आधीपासून ठाऊक होतं. तरी त्यांनी तीच नोकरी धरली, आणि त्याचं कारण त्यांचा दादा.

दादा घड्याळं दुरुस्त करायचा. ताई विशीत असताना तो पलीकडे गेला. तिथेच लग्न झालं, दुकान झालं. आई इकडे ताईंजवळ. दादाची पत्रं यायची. "पास नाकारला. पुन्हा अर्ज करतो." दर वर्षी तेच. ताईंनी विचार केला, आज ना उद्या पास मिळेल. मिळाला की तो या नाक्यावरूनच येईल, आपल्या गावाला सरळ रस्ता हाच आहे. मग खिडकीत आपणच बसलेलं बरं. तो समोर येऊन उभा राहील. आपण मान वर करायची नाही. कागद घ्यायचा, कोपरे सपाट करायचे आणि परक्यासारखं विचारायचं, "येण्याचं कारण?"

ही थट्टा त्यांनी सव्वीस वर्षं जपली होती. मला दोनदा करून दाखवली. दोन्ही वेळा शेवटी त्यांनाच हसू आवरलं नाही.

पत्रंही दाखवली होती. दादा सहीखाली एक छोटं वर्तुळ काढायचा आणि त्यात दोन काटे. दहा वाजून दहा मिनिटं. "दुकानात विकायची घड्याळं अशीच लावून ठेवतात," ताई म्हणाल्या. "लहानपणी माझ्या वह्यांवरही काढायचा. आई रागवायची."

आई नऊ वर्षांपूर्वी गेली. सकाळीच दादाच्या दुकानात फोन केला होता. ताईंनी सूर्य मावळेपर्यंत अंत्यविधी थांबवला. शेजारी कुजबुजायला लागले. ताई दर थोड्या वेळाने कोपऱ्यापर्यंत जाऊन बघून यायच्या. आठ दिवसांनी पत्र आलं. "पास नाकारला. मला माफ कर." ताईंनी दादाला कधी दोष दिला नाही. दोष त्या नाक्यावरच्या आडव्या दांड्याला द्यायच्या. सकाळी कामावर येताना त्याला एक शिवी घालायच्या आणि मग दिवसभर त्याचीच चाकरी करायच्या.

गेल्या वर्षी दोन्ही देशांचा करार झाला. एक बाजार, एकच परवाना, ये-जा मोकळी. क्रेनने दांडा उचलून नेला. भाषणं झाली. लोक पट्ट्यावर एक पाय इकडे आणि एक पाय तिकडे ठेवून फोटो काढत होते. आमचे पहारेकरी काका म्हणाले, "बावीस वर्षं बंदूक घेऊन उभा होतो. एकदाही भरलेली नव्हती. आता सांगायला हरकत नाही."

नियमही गेला होता. मी ताईंचा हात धरून ओढलं. "चला ना, पलीकडे चहा पिऊन येऊ."

"छे! दादा आधी येऊ दे. मोठा आहे तो. मी आधी गेले तर म्हणेल, हिला जरा दम नाही."

पंधरा दिवसांनी पत्र आलं. "आता काय, कधीही येता येईल. घाई कसली?"

ताईंनी ते तीनदा वाचलं. "बरोबरच आहे त्याचं," म्हणाल्या आणि घडी घातली.

पाच महिने गेले. खिडकीला काही काम उरलं नाही. मग वरून आदेश आला. सगळ्या नाक्यांच्या जुन्या वह्या आमच्याकडे येणार. त्या संगणकात उतरवायच्या आणि संयुक्त दप्तरखान्यात पाठवायच्या. पद्धत ठरली. मी नोंद उतरवायची आणि ओळीच्या शेवटी निळ्या पेन्सिलने खूण करायची. ताईंनी ती वहीशी ताडून पाहायची आणि शेजारी लाल खूण करायची. दोन खुणा झाल्या की ओळ पुरी.

तिसऱ्या महिन्यात डोंगरातल्या वरच्या नाक्याच्या वह्या आल्या. छोटा नाका, दिवसाला पाच-सहा माणसं. त्या दिवशी ताईंना ताप होता, त्या आल्या नव्हत्या. मी एक पान उलटलं. सहीच्या रकान्यात दहा वाजून दहा मिनिटं झाली होती.

नाव त्याचंच. येण्याचं कारण, खासगी काम. मुक्काम, आमच्याच गावातलं बसस्थानकासमोरचं लॉज.

पुढच्या काही दिवसांत आणखी पाच सापडल्या. दर दीड-दोन वर्षांनी एक. तेच लॉज, ताईंच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर. मग सातवी. तारीख ताईंची आई गेली त्या दिवसाची. वेळ सकाळी अकरा वीस. येण्याचं कारण, आईचे अंत्यसंस्कार. पास दोन दिवसांचा. वरच्या नाक्याची बस आमच्या गावात दुपारी दोनला येते. सूर्य सहाला मावळतो.

मी निळी खूण केली. हाताला सवय होती. मग त्या वह्या ढिगाच्या तळाशी सरकवल्या.

सांगितलं नाही. रोज ठरवायचे, आज सांगू. ताई डबा उघडायच्या, भाजी माझ्याकडे सरकवायच्या, आणि मी जेवायचे. काम संपेल, वह्या जातील, कळणारच नाही, असंही मनात यायचं.

एका गुरुवारी मी साहेबांच्या खोलीतून परत आले. ताईंसमोर वरच्या नाक्याची वही उघडी होती.

"ही निळी खूण तुझीच ना?"

"हो."

"कधीची?"

"तीन आठवडे झाले."

"सही ओळखलीस?"

"ताई, मला वाटलं..."

"ओळखलीस का तेवढं सांग."

"हो."

त्यांनी मागची पानं उलटली. आधीच्या सहाही नोंदींशेजारी लाल खुणा होत्या. मला कळलंच नव्हतं.

"गेला आठवडाभर तपासतेय," त्या म्हणाल्या. "तळाशी ठेवल्या होत्यास, तेव्हाच म्हटलं, क्रम कसा चुकला हिचा? पहिली पाहिली, खूण केली. नोंद बरोबर होती. म्हटलं, असेल काही काम, सांगायला लाज वाटली असेल. आणि म्हटलं, ही सांगेल. रोज जेवताना तुझ्या तोंडाकडे बघत होते मी."

काका चहा घेऊन आले. आमच्याकडे पाहून कप ठेवून गेले.

"त्या दांड्याला किती शिव्या घातल्या गं मी," ताई म्हणाल्या. "लाकडाचा बिचारा. तो कुठे आडवा आला होता?"

मग त्या पुन्हा सातव्या नोंदीकडे वळल्या. रकान्यावर बोट ठेवून शाळेतल्यासारखं मोठ्याने वाचलं. "येण्याचं कारण."

त्यांचं बोट तिथेच राहिलं.

"हे मी विचारायचं होतं," त्या म्हणाल्या.

त्यांनी पानाचे कोपरे सपाट केले. लाल पेन्सिल वहीच्या खाचेत ठेवली. डबा उचलला आणि निघाल्या. काच पुसली नाही.

दुसऱ्या दिवशी आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी राजीनामा आला, एका ओळीचा.

मी चारदा घरी गेले. तीनदा दार उघडलं नाही. चौथ्यांदा उघडलं.

"या. बसा. चहा घेणार तुम्ही?"

दोन वर्षं मी कवयित्री होते. आता मी तुम्ही झाले. मी माफी मागितली. त्यांनी ऐकून घेतली, खिडकीत कुणाचा अर्ज ऐकून घ्यावा तशी. दादाला काही कळवलंत का, असं मी विचारलं.

"काय कळवू? त्याला माहीतच आहे की सगळं."

चहा मी अर्धा प्यायले. दारापर्यंत सोडायला त्या उठल्या नाहीत.

सोमवारी वह्या न्यायला गाडी येणार आहे. साहेब दोनदा येऊन गेले. "सगळं झालंय, एकच खूण राहिलीय. मारून टाक तूच. कोण बघतंय?"

लाल पेन्सिल अजून त्या खाचेतच आहे. मी वही उघडते. नाव, पास क्रमांक, अकरा वीस, कारण, मुक्काम, सही, दहा वाजून दहा मिनिटं. शेवटी माझी निळी खूण. तिच्याशेजारची जागा कोरी आहे.