मर्लच्या नळीतला हातोडा

आमची मर्ल फित्स्नर म्हणजे ॲडलेडच्या त्या प्रयोगशाळेतली सगळ्यात चिवट बाई. प्रयोगाच्या बाकाशी उभी राहिली की तिला जेवायला ओढून न्यावं लागायचं. ओढायचे अर्थात मीच.

तिचं काम ऐकलंत तर म्हणाल, हिला वेड लागलंय. एका नळीत आरएनएचे अब्जावधी धागे, अक्षरं कशीही विस्कटलेली. कापाकापी सुरू व्हावी म्हणून त्यात थोडं मॅग्नेशियम टाकायचं. जो धागा स्वतःला कापेल तो वेचायचा, बाकीचे फेकायचे. वेचलेल्यांच्या प्रती काढायच्या, की पुन्हा तेच. दर फेरीला वेळ कमी द्यायचा, म्हणजे चपळ तेवढेच उरतात. कापायचं कसं, हे त्यांना शिकवायचं नाही हं. नुसतं निवडायचं.

शेवटी उरलेले धागे तिने वाचले, तर कापणारा भाग थेट हातोड्याच्या आकाराचा! आता असाच स्वतःला कापणारा हातोडा आमच्याकडे आधीपासूनच होता, ॲव्होकाडोच्या एका रोगातून आलेला; फ्रीझर त्यानेच भरलेला.

आमचा साहेब ब्रेंटन बघताक्षणी म्हणाला, "मर्ल, फ्रीझरमधलं सांडलंय तुझ्या नळीत. फेकून दे. नाताळनंतर हा बाक मी दुसऱ्याला देणार आहे."

मर्ल पांढरीफटक. मलाच राहवेना. "ब्रेंटन, रोज दुसऱ्याच्या कपातून चहा तू पितोस, आणि सांडासांडी हिची होय रे?"

"ग्लेनिस, तू गप."

"गप बसले तर घरचे डॉक्टर बोलावतील."

मर्ल एवढंच म्हणाली, "पुन्हा करते. पण इथे नाही."

रस्त्यापलीकडे गव्हावर संशोधन करणाऱ्यांची इमारत, तिथे आमचा हातोडा कधी गेलेलाच नाही. नव्या नळ्या, थेंब मोजायची नवी पिपेट, बाहेरून बनवून आणलेले कोरे धागे. मी डबा घेऊन गेले, तर मर्लने मला दारातच अडवलं!

"आत येऊ नकोस गं. तू तो फ्रीझर उघडतेस."

"म्हणजे मीच रोग झाले?"

"हो. डबा तिथे ठेव."

निकाल आला त्या दिवशी तिने आम्हा दोघांना बोलावलं. मधला भाग पुन्हा हातोडाच. पण त्याच्या दांड्यातली अक्षरं दर धाग्यात निराळी; आमच्या ॲव्होकाडोवाल्याशी एकाचीही जुळेना. सांडलेलं असतं तर सगळे त्याचीच नक्कल निघाले असते.

ब्रेंटन स्टूल ओढून बसला. "अगं, मग यांना शिकवलं कुणी?"

"कुणीच नाही. कापायचा सोपा रस्ता हाच असणार. जो शोधायला निघतो, त्याला हाच सापडतो."

माझ्या अंगावर काटा आला. कधीकाळी झाडाच्या पानात, आणि आता या काचेच्या नळीत. एकमेकांची गाठ नाही, भेट नाही, आणि युक्ती तीच!

"बाक तुझाच," ब्रेंटन हळूच म्हणाला.

मर्लला ऐकूही गेलं नाही. ती कागदावर वाकून पुढचा धागा वाचत होती.