विश्वकर्मा पूजेच्या दिवशी गेलेला मेल

"ये ढोमणे कौन हैं?" नव्या मॅनेजरांनी माझ्या स्क्रीनवर बोट ठेवून विचारलं.

"सर, हमारे पुराने यार्ड इनचार्ज. रिटायर हो गए."

"तो डिस्पॅच रिपोर्ट उनको क्यों जाती है? कंपनी का डेटा बाहर नहीं जाएगा मॅडम. आज ही हटाइए."

नियम बरोबरच होता. मी नाव काढलं. पण जिवावर आलं, हे खरं.

भिलाईतल्या एका फॅब्रिकेशन वर्कशॉपच्या ऑफिसात मी काम करते. आमच्याकडे लोखंडी गर्डर आणि कॉलम तयार होतात. ते यार्डात क्रेननं ट्रेलरवर चढवून रवाना करायचे, याला आम्ही डिस्पॅच म्हणतो. रोज संध्याकाळी त्याचा रिपोर्ट सगळ्यांना मेलनं जातो. हे काम मला ढोमणे साहेबांनी शिकवलं. ऑफिसात दिवसभर हिंदी चालायची, माझ्याशी तेवढे ते मराठी बोलायचे. रिटायर होऊन शहराच्या कडेला जुनवानीत राहायला गेले, तरी रिपोर्ट त्यांना हवाच असायचा. आमच्या या पोलाद कारखान्याच्या गावात रिटायर माणसं बागेत भेटली की तब्येतीच्या आधी प्रॉडक्शन विचारतात, त्यातलेच ते एक. रिपोर्ट मिळाला की त्यांचं उत्तर यायचं, "बरं. क्रेनचा दोर पाहून घ्या."

नाव काढलं त्याच संध्याकाळी फोन वाजला.

"वैशाली, रिपोर्ट नाही आला वो?"

"साहेब, नवीन नियम झाला. आकडे बाहेर पाठवता येत नाहीत."

ते म्हणाले, "नियम हाय तर हाय. आकडे नको पाठवू. दोन ओळी लिहीत जाय. माल निघाला का, यार्डात सगळं बरं हाय का, एवढंच. मले बाकी काही नको."

मी लिहू लागले. पण निघायच्या वेळी ड्रायव्हर चलानसाठी डोक्यावर उभे असत. कधी राहून जायचं. काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, एकदा मला सांगितलं, "चहा थंडा होऊन जाते, पण मोबाइल हातातून सोडत नाहीत. तुया मेलची वाट पाहून राहतात." ते ऐकून मला भारी अपराध्यासारखं झालं.

त्याच सुमारास मॅनेजर म्हणाले, "रिपोर्ट ऑटोमॅटिक कीजिए." म्हणजे मॅक्रो लिहा. मॅक्रो म्हणजे सॉफ्टवेअरला लिहून दिलेली कामाची रीत. एकदा लिहिली की आपण दरवेळी बटणं दाबायची गरज नाही. मी कॉमर्सवाली. डब्याच्या सुट्टीत व्हिडिओ पाहून शिकले. तेच काम पुन्हा पुन्हा करायला सांगायचं, त्याला लूप म्हणतात. माझ्या पहिल्या लूपला थांबायचं कधी, हे मी सांगितलंच नव्हतं. मॅनेजरांच्या मोबाइलवर माझे मेल धडाधड कोसळू लागले. शेवटी मी प्लगच उपसला.

"मिल गया मॅडम," ते केबिनमधून ओरडले, "अच्छे से मिल गया!"

हळूहळू जमलं. मेलच्या सॉफ्टवेअरमध्ये रोजचं रिमाइंडर लावलं. ते वाजलं की मॅक्रो चालायचा आणि रिपोर्ट आपोआप जायचा. माझा तासभर वाचू लागला. मग मी साहेबांचाही मेल त्यालाच जोडला. आकड्यांशिवायची काही वाक्यं लिहून ठेवली, त्यातलं कुठलंही एक मॅक्रोनं उचलायचं. 'इफ' लिहून रविवार वगळले, सरकारी सुट्ट्या वगळल्या. 'इफ' म्हणजे अट. आता साहेबांचा चहा थंड होणार नाही, अशी माझी समजूत झाली. त्यांची उत्तरं येत, मी वाचे. दोर पाहून घ्या, पोरांना हेल्मेट घालायला सांगा. बरं वाटायचं.

मग विश्वकर्मा पूजा आली. त्या दिवशी आमच्याकडे सुट्टी नसते; सगळे कामावर येतात, पण काम करत नाहीत. मशीन धुऊनपुसून हारफुलं घालायची, नारळ फोडायचा, बुंदी वाटायची. मशीनला हात लावायचा नाही. इतकी वर्षं क्रेनची पूजा ढोमणे साहेब करत. मी त्यांच्यासाठी गेटपास मागून पाहिला. "बाहर का आदमी यार्ड में अलाउड नहीं," असं उत्तर मिळालं. साहेबांना हे सांगायचं धाडस मला झालं नाही.

माझ्या कॉम्प्युटरलाही कुंकू लावलं होतं, हार घातला होता. तो आदल्या दिवसापासून चालूच होता. पूजेच्या दिवशी हात लावायचा नाही, म्हणून बंद करायलाही कोणी गेलं नाही. संध्याकाळी मी बुंदी खात उभी असताना हाराआड रिमाइंडर वाजलं आणि मेल गेला.

लगेच फोन आला.

"वैशाली! आज गाड्या भरल्या? विश्वकर्माच्या दिवशी क्रेन चालवली? कोणाच्या हुकमानं?"

मी स्क्रीनकडे पाहिलं. 'साहेब, आज गाड्या जरा उशिरा लागल्या, पण सगळ्या निघाल्या.'

"नाही साहेब, क्रेन बंदच आहे. पूजा झाली."

"मंग हे कोणी लिवलं?"

खोटं बोलायला तोंड उघडलं, पण जमलं नाही. "मॅक्रोनं. ते आपोआप जातं साहेब."

"केव्हापासून?"

"झाले काही महिने."

"अन् मी त्याले रोज दोर पाहायले सांगून राहिलो," एवढं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मी प्रसादाचा पुडा घेतला आणि स्कूटी थेट जुनवानीला काढली. साहेब पांढरा शर्ट घालून, कपाळाला टिळा लावून खुर्चीत बसले होते. सकाळपासून तयार होऊन बसल्याचं काकूंनी दारातच सांगितलं. कोणीतरी न्यायला येईल, असं त्यांना वाटत होतं.

मला पाहून ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

"नारळ कोणी फोडला?"

"नव्या साहेबांनी. पहिल्या फटक्यात फुटला नाही."

"क्रेन धुतली होती?"

"हुकपर्यंत. झेंडूचा हार घातला होता, वाऱ्यानं सारखा हुकाला गुंडाळत होता."

ते डोळे मिटून ऐकत होते. मी सगळं सांगितलं, कोण आलं, कोण रजेवर होतं, बुंदी कशी जास्त गोड झाली होती. मग ते डोळे न उघडताच म्हणाले, "मले यार्डाची लय आठवण येते वो." मलाही त्यांची येत होती. ते गेल्यापासून ऑफिसात माझं मराठी बोलणं बंदच झालं होतं.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या नावाचा मॅक्रो काढून टाकला. कंपनीचा रिपोर्ट मात्र अजून आपोआप जातो, एकदाही चुकलेला नाही. ऑटोमेशननं काय मिळतं, असं नवे लोक विचारतात. मी सांगते, रोजचा एक तास. तो कोणाला द्यायचा, हे कुठल्याच व्हिडिओत शिकवत नाहीत. मी जुनवानीला जाते.