आईला दिसणारी माणसं

आईने पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी मिक्सरमधून इडलीचं पीठ काढत होते. ती बाल्कनीच्या दाराशी खुर्ची टाकून बसली होती, आणि समोर मिठागर दिसतंय, असं अगदी सहज म्हणाली. खारघरला आमच्या फ्लॅटसमोर मिठागर नाही. समोर आमच्याच सोसायटीचा दुसरा टॉवर आहे आणि त्याच्या गच्चीवर पाण्याच्या टाक्या. मी म्हटलं, आई, चष्मा पूस. त्या चष्म्याचा तिला काडीचा उपयोग उरला नव्हता हे मला ठाऊक होतं, पण सवयीने माणूस काहीही बोलतो.

तिच्या डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग काही वर्षांपासून झिजत चालला होता. कडेकडेचं दिसायचं, नेमकं समोरचं दिसायचं नाही. दार दिसे, कडी दिसत नसे. मी घरात आले की कोणीतरी आलंय एवढं तिला कळे, चेहऱ्याच्या जागी मात्र धुरकट डाग. आवाज दिला की मग ‘आलीस का बाय’ म्हणायची. माझा चेहरा तिने शेवटचा कधी पाहिला असेल, याचा मी विचार करत नसे. केला की दिवस खराब जायचा.

मिठागराचं मात्र तिने हात फिरवून फिरवून वर्णन केलं. पांढरे चौकोन, मध्ये काळे बांध, पुन्हा चौकोन, थेट आकाशापर्यंत. तिचं लहानपण उरणच्या बाजूला मिठागरात आईबापांच्या मागे फिरण्यात गेलं. आता तिथे द्रोणागिरीची गोदामं आणि कंटेनर आहेत. मला वाटलं, म्हातारपणी जुनं आठवतंय, आठवू दे.

मग माणसं यायला लागली. जरीच्या टोप्या घातलेले वीतभर उंचीचे पुरुष बाल्कनीच्या ग्रिलवरून ओळीने चालत जायचे. हिरव्या लुगड्यातली एक बाई सोफ्यावर येऊन बसायची. तिचे दात मोठे होते, भुवया दाट होत्या आणि नाकात मोत्यांची नथ होती, त्या नथीतला लाल खडासुद्धा आईला दिसायचा. यातलं कुणीच बोलत नसे. आईला त्याचाच राग. घरी आलेल्या माणसाने दोन शब्द बोलू नयेत म्हणजे काय? तरी पहिले काही दिवस ती मला त्यांना चहा विचारायला लावत असे. पोटच्या पोरीचा चेहरा दिसत नाही आणि कुठल्या परक्या बाईच्या नथीतला खडा दिसतो, हे मला फार लागलं. मला त्या बाईचा हेवा वाटायचा. हेवा करावा अशी बाई जगात नव्हतीच, तरीही.

शेजारीण म्हणाली, बाहेरचं असेल काहीतरी, माझ्या ओळखीचे एक आहेत, बघून देतात. मी दार लावून घेतलं आणि आईला वाशीच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. वाटेत मला एकच टेन्शन होतं, की हिचं डोकं बिघडत चाललंय. बाईंनी तिला महिना विचारला, वार विचारला, भाजीचे भाव विचारले. आईने कोथिंबिरीवर एक छोटं भाषणच दिलं. डोकं ठणठणीत आहे, बाई म्हणाल्या.

मग त्यांनी समजावलं. डोळा बघत नाही, डोळा फक्त माल पाठवतो. बघण्याचं काम डोक्याच्या मागच्या भागातल्या पेशी करतात, आणि त्यांनी कामं वाटून घेतलेली असतात. काही पेशी फक्त उभी रेघ आली की जाग्या होतात, काही तिरपी आली की. कुणाकडे हालचाल, कुणाकडे रंग. कानाच्या मागे-खाली एक भाग तर चेहऱ्यांसाठीच आहे. डोळ्यांकडून माल येणं थांबलं की या पेशी रिकाम्या बसत नाहीत, आपल्या आपणच पेटतात. रेघांच्या पेशी पेटल्या की जाळ्या, विटा, चौकोन दिसतात. चेहऱ्यांच्या पेटल्या की माणसं. आईचं मिठागर म्हणजे रेघांचं काम होतं, नाव तेवढं तिने दिलेलं.

आईने सगळं नीट ऐकून घेतलं आणि बाहेर आल्यावर तिचा तिने वेगळाच अर्थ लावला. रिक्षात माझा हात धरून म्हणाली, “आदी मिठागर आला, मग मानसं आली. आता तुजा बापूस बी येल.”

बाबा साथीच्या दिवसांत गेले. दवाखान्यात नेलं ते नेलंच. आम्हाला लांबून एक गुंडाळलेली आकृती दाखवली, ती तेच आहेत यावर विश्वास ठेवायचा. शेवटचं तोंड बघायला मिळालं नाही, हे आई आलेल्या-गेलेल्याला सांगायची. त्यांच्या फोटोपुढे उभी राहिली तरी तिथे डागच. आणि आता तिला कळलं होतं, की डोळे गेले तरी चेहरे दिसू शकतात, तेही स्वच्छ, नथीतल्या खड्यासकट.

ती रोज दुपारी तयार होऊन बसू लागली. केस विंचरायची, चांगलं लुगडं नेसायची. मी शाळेत शिकवून घरी आले की तिला विचारायची, आज कोण कोण? ती यादी सांगायची आणि मी श्वास रोखून ऐकायची. होय, मीही वाट बघत होते. निदान तिच्यामार्फत मला बाबा हवे होते. पुढच्या खेपेला मी डॉक्टरीणबाईंना हळूच विचारलं, ठरवून एखादा चेहरा आणता येतो का? त्या म्हणाल्या, नाही. या पेशींना चेहरा म्हणजे काय एवढंच कळतं. तो कुणाचा, हे सांगणारं खातं वेगळं. म्हणून बहुतेकांना अनोळखीच दिसतात.

त्याच सुमारास मी नववीला व्याकरणातले प्रयोग शिकवत होते. ‘मला डोंगर दिसतो’, कर्ता कोण? सगळा वर्ग दरवर्षी ‘मी’ म्हणतो आणि दरवर्षी मी चिडते. दिसणारा कोण? डोंगर. म्हणून डोंगर कर्ता. घरी येऊन मी आईला म्हटलं, जरा प्रयत्न कर ना, बाबांना आठव, डोळ्यांसमोर आण. ती म्हणाली, “मी त्या मानसांना बगत नाय गो, ती मना दिसतान.” माझ्या वर्गातल्या एकाही मुलाला हे इतकं नीट सांगता आलं नव्हतं.

वर्षभराने माणसं कमी झाली. आधी टोपीवाले गेले. मग चौकोन फिके पडले. शेवटी ती हिरव्या लुगड्यातली बाईही येईनाशी झाली. डॉक्टरीणबाईंना आनंद झाला, मेंदूने जुळवून घेतलं म्हणाल्या. मीही हसून आभार मानले. जिना उतरून खाली आल्यावर आई म्हणाली, “म्हंजे आता तो येयाचा नाय.” मी म्हटलं, नाही येणार. खोटं बोलायला हवं होतं की काय, अजून ठरवता आलेलं नाही.

बाईंनी आम्हाला एका मुलीकडे पाठवलं होतं. उरलेली नजर कशी वापरायची ते ती शिकवते. तिने आईला सांगितलं, जे बघायचं त्याच्याकडे बघू नका, त्याच्या बाजूला बघा, कडेच्या नजरेत ते येईल. आईला हा वेडेपणा वाटला, पण घरी ती भांड्यांवर, गॅसच्या बटणावर सराव करत राहिली.

परवा रविवारी आम्ही समोरासमोर बसून लसूण सोलत होतो. ती फ्रिजकडे बघत होती. मला वाटलं पाणी हवंय. मी उठू लागले तर म्हणाली, बस तिथंच. बराच वेळ ती फ्रिजकडे बघत राहिली. मग म्हणाली, “हनवटी तुज्या बापसाची हाय.”

लहानपणापासून सगळे मला हे सांगत आले. आईने कधी मान्य केलं नव्हतं, पोरगी माझ्या माहेरावर गेलीय म्हणायची. इतक्या वर्षांनी तिने माझा चेहरा पाहिला, आणि त्यात ती मला बघत नव्हती. मला वाईट वाटलं, आणि त्याच वेळी उठून तिला मिठी मारावीशी वाटली. मी काहीतरी विचारायला तोंड उघडलं.

“बोलू नको, बाय,” ती म्हणाली. “बोललीस की परत तूच व्हतेस.”

मी तोंड मिटलं आणि हनुवटी उजेडाकडे धरून बसले.