अक्रमनं घेतलेली घोडी

येडशीच्या अक्रमकडं वरातीच्या दोन घोड्या होत्या. त्यातली एक म्हातारी होऊन मेली, म्हणून तो नवी बघायला बाजारात गेला. घोडं पारखण्यात त्याचा हात धरणारं पंचक्रोशीत कुणी नव्हतं. वय लपवायला कानशीनं घासलेले दात, पिकल्या केसांवरचा कलप, लंगडणं झाकायला दिलेलं इंजेक्शन, त्याला सगळं कळायचं.

एका व्यापाऱ्याची पांढरी घोडी त्याच्या मनात भरली. दात बघितले, खूर उचलले, डोळ्यांपुढून हात फिरवला. कुठं खोट नव्हती.

"व्यालीय का?"

"एकदाबी न्हाय, मालक."

तेवढ्यात मागच्या बंद टेम्पोत काहीतरी धडकलं. "पोती घसरली," व्यापारी म्हणाला. अक्रमनं सौदा केला.

घरी आल्यावर घोडी चाऱ्याला तोंड लावेना. रस्त्याकडं बघून सारखी खिंकाळू लागली. दिवस मावळताना अक्रमची आई जैनबबी पाणी ठेवायला गेली, तर घोडीच्या मागच्या पायांवरून दूध ओघळत होतं.

"अक्रम, ही बाळंतीण हाय रे! पिलू कुठंय हिचं?"

बाजारात आणण्याआधी व्यापाऱ्यानं कास पिळून रिकामी केली असणार. त्याचा फोन लागेना. सकाळी अक्रम घोडीला गाडीत घालून परत बाजारात गेला. व्यापारी निघून गेला होता. शेजारी चहा विकणारी गजराबाई म्हणाली, "महिन्याभराचं शिंगरू होतं. ओरडू नये म्हणून तोंड बांधून टेम्पोत कोंडलं होतं. तुमी गेलाव आन् त्यानं ते दुसऱ्याला दिलं. कुणाला, ते म्या न्हाय बघितलं."

अक्रमला टेम्पोतला तो आवाज आठवला. ती पोती नव्हती. शिंगरू त्याच्यापासून चार पावलांवर लाथा झाडत होतं आणि तो दात मोजत होता.

त्यानं ओळखीच्या सगळ्या घोडेवाल्यांना विचारलं. पत्ता लागला नाही. जैनबबी रोज घोडीची कास हलकी करायची आणि दूध लिंबाच्या बुडाला ओतायची. अकराव्या दिवशी घोडी गप्प झाली. पुढं वरातीत तिनं कधी त्रास दिला नाही. बँड कितीही वाजो, मान खाली घालून उभी राहायची. ते बघवत नाही म्हणून अक्रम तिच्या पुढं चालायचा, मागं वळायचा नाही.

लोक अजून घोडं घेताना त्याला सोबत नेतात. मागच्या महिन्यात ढोकीचा धनाजी त्याला घेऊन गेला होता. अक्रमनं घोडं निरखलं, दिसलं ते सगळं सांगितलं.

"मग घिऊ का, अक्रमभाई?"

"ते तुमचं तुमी बघा," अक्रम म्हणाला आणि गाडीत जाऊन बसला.