खोडलेले कलम

पाकिटावर लाख वितळली आणि तिच्या कडवट वासासरशी मी मनाने येडशीच्या तेलगिरणीच्या जुन्या कचेरीत जाऊन बसलो. निजामाचे संस्थान भारतात विलीन होऊन तेव्हा काही वर्षे झाली होती. माझी वकिली नवी होती. तराजूवर पोती तोलण्यापासून सुरुवात करून घराण्याच्या कंपनीचे कारभारी झालेले गफूरभाई मुलींच्या शाळेसाठी जमीन देणार होते. दानपत्राचा मसुदा माझा होता. शाळा बंद पडल्यास जमीन वारसांकडे परत जावी, हे कलम मी मोठ्या अभिमानाने घातले होते.

गफूरभाईंनी त्याच ओळीवर बोट ठेवले. "वकीलसाब, हे कशापायी?"

"तुमच्या घराच्या हितासाठी."

"मग घरचंच कुणीतरी शाळा बंद पाडंल की. माणसं माझीच हायती, मी वळखतो त्यांना."

शेजारी बसलेले त्यांचे थोरले भाऊ हसले. "बघा वकीलसाब, आमच्यावर लई भरोसा हाय त्याचा."

गफूरभाईंनी ओळ खोडून बाजूला सही केली. माझ्या सुबक मसुद्यावरची ती आडवी रेघ पाहून मी इतका संतापलो, की समोर आलेला चहाही न घेता उठलो.

आज शाळेच्या समितीवर असलेला त्यांचा नातू, मुली कमी झाल्या म्हणून शाळा बंद करून जमीन परत मागतो आहे. संतापूनच मी त्याला या पाकिटातले पत्र लिहिले आणि सोबत ते खोडलेले पान जोडले. त्याहून भक्कम कलम मला उभ्या वकिलीत लिहिता आले नाही.

गफूरभाईंचा चहा मात्र मी त्या दिवशी घ्यायला हवा होता.